आसनाचा प्रश्न : हवालदार गोपाळबाबा वलंगकर आणि महाडचे लोकल बोर्ड

औरंगपुऱ्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांचे पुतळे आहेत आणि त्याच औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेचे कार्यालयही आहे. अकरा एप्रिलला आणि अठ्ठावीस नोव्हेंबरला आपले उपासक-उपासिका पुतळ्यांना पुष्पहार अर्पण करून जातात. एरवीच्या दिवशी त्यांच्यापैकीच कोणी शाळेच्या, रस्त्याच्या, विहिरीच्या कामासाठी परिषदेच्या पायऱ्या चढतात. या दोन स्थळांना जोडणारा एक धागा आहे, पण तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. फुल्यांच्या विचाराने जागा झालेला एक निवृत्त अस्पृश्य सैनिक १८९५ साली स्थानिक स्वराज्याच्या सभागृहाचा सभासद झाला. त्याच्या नेमणुकीने तालुक्यातील प्रतिष्ठितांची शांतता भंग पावली आणि वृत्तपत्रांतून वाद माजला. तो सैनिक म्हणजे हवालदार गोपाळबाबा वलंगकर. त्यांच्या अल्पशा सार्वजनिक कारकिर्दीचा अर्थ लावण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

यासाठी वाचकांना मराठवाड्यातून कोकणात यावे लागेल. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यात रुजलेले स्थानिक स्वराज्य येथे त्या रूपात नव्हते. आपल्या जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्याने अस्तित्वात आल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला. त्यांची पूर्वपीठिका पाहावयाची तर इलाख्यातील लोकल बोर्डांकडेच वळावे लागते. आणि त्या बोर्डांत अस्पृश्याचा प्रवेश कसा झाला हे पाहावयाचे तर महाडखेरीज गत्यंतर नाही.

पलटण आणि ओसरी

गोपाळबाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ या गावी महार कुटुंबात झाला. पुढे बाबासाहेबांच्या सहधर्मचारिणी झालेल्या माता रमाई यांच्या कुटुंबाशी त्यांचे नाते होते. ते सैन्यात भरती झाले, हवालदार पदापर्यंत चढले आणि १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले.

त्या काळी दापोली हे लष्करी पेन्शनरांचे ठाणे होते. अस्पृश्य समाजात आत्मभान प्रथम या पेन्शनरांच्या वस्तीत का उगवले, याचे उत्तर सैन्याच्या रचनेत सापडते. सैन्यात भरती होणाऱ्याला नियमित वेतन मिळे, त्याला व त्याच्या मुलांना लिहिणे-वाचणे शिकविले जाई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कवायतीच्या रांगेत उभे राहण्याची जागा जातीवरून नव्हे, हुद्द्यावरून ठरत असे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे लढलेल्या व पडलेल्या महार सैनिकांची नावे तेथील स्तंभावर इतरांबरोबर कोरली गेली. पलटणीने त्यांना जे स्थान दिले ते गावाने कधीच दिले नव्हते. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

परंतु पेन्शन घेऊन हा सैनिक परतला की त्याला पुन्हा गावकुसाबाहेर उभे राहावे लागे. दापोलीत तर हा विरोध लहान मुलांच्याही वाट्याला आला. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील नगरपालिकेच्या शाळेत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य पेन्शनरांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. दीर्घ खटपटीनंतर जे मिळाले ते वर्गातले आसन नव्हते, ओसरीवरची जागा होती. काही वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव बसण्यासाठी गोणपाट घरून नेत असे आणि सायंकाळी तो परत आणीत असे, कारण शाळेचा गडी त्या गोणपाटाला हात लावीत नसे. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवली आहे. कोठे बसावयाचे हा प्रश्न त्या पिढीच्या आयुष्यात असा पदोपदी उभा होता. तो केवळ सोयीगैरसोयीचा नव्हता. मनुष्य म्हणून मान्यता आहे की नाही याची ती रोजची कसोटी होती.

लेखणी हाती घेतलेला हवालदार

निवृत्तीनंतर गोपाळबाबांवर जोतीरावांच्या विचारांचा प्रभाव पडला. 'दीनबंधु' व 'सुधारक' या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' सिद्ध केले आणि उच्चवर्णीयांस थेट प्रश्न विचारले. अस्पृश्यतेला आधार कोणता, ती कोणी निर्माण केली, कोणाच्या हितासाठी चालविली, असा त्या प्रश्नांचा रोख होता. अस्पृश्य माणसाने स्पृश्य समाजाला जाब विचारावा आणि तोही छापील अक्षरांत, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. जोतीरावांच्या आर्य-अनार्य मीमांसेच्या आधारे अस्पृश्य हे या भूमीचे मूळ रहिवासी होत, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८९० च्या सुमारास दापोलीस त्यांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली.

येथे एक भेद स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्यांच्या स्वारीचा सिद्धांत नाकारला आणि १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नसून पराभूत, विखुरलेल्या बौद्ध जनांच्या बहिष्कारात शोधले. गोपाळबाबांची मीमांसा आज आपण जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही. पण आपल्या दैन्याचे कारण पूर्वजन्मीच्या पापात नसून इतिहासात आहे, ही दिशा त्यांनी पकडली होती. कारण इतिहासात असेल तर त्याचा परिहारही इतिहासात, म्हणजे माणसाच्या हातून होऊ शकतो. दुःखाला कारण आहे आणि त्याचा निरोध शक्य आहे, हे मानणाऱ्या बौद्धांस या विचाराचे मोल वेगळे सांगावयास नको.

याच सुमारास समाजावर मोठा आघात झाला. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना लढवय्या जातींचा सिद्धांत सैन्यात प्रबळ झाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. ज्या दाराने अक्षर, वेतन आणि ताठ मान घरात आली होती ते दारच मिटले. गोपाळबाबांनी १८९४ साली मंडळीच्या वतीने लष्करी अधिकाऱ्यांना उद्देशून विनंतीपत्र तयार केले. पेन्शन जाईल या भयाने जुने सहकारीच सही करण्यास कचरले, असेही सांगितले जाते. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरात तेवढेच एक उत्पन्न आहे, त्याचे भय समजून घेतले पाहिजे. परंतु ज्याने ते भय बाजूस सारून नाव पुढे केले त्याचे ऋणही मान्य केले पाहिजे.

१८९५ ची नेमणूक

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्ह्याला व तालुक्याला एकेक बोर्ड आणि त्यात काही सभासद निवडलेले, तर काही सरकारने नेमलेले, अशी व्यवस्था होती. मतदानाचा हक्क सारा भरणाऱ्या, मालमत्ता वा उत्पन्न बाळगणाऱ्या मोजक्या लोकांपुरता होता. अशा मतदारसंघातून अस्पृश्याने निवडून येणे असंभव होते. सरकारी नेमणूक एवढाच मार्ग उरत होता. तिच्याद्वारे १८९५ साली गोपाळबाबा महाड तालुका लोकल बोर्डाचे सभासद झाले.

ही नेमणूक होताच उच्चवर्णीय सभासदांत नाराजी पसरली आणि वृत्तपत्रांतून बराच वाद झाला. या वादाचे मर्म समजण्यासाठी बोर्ड काय करीत असे हे पाहिले पाहिजे. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई. त्या निधीतून रस्ते, विहिरी व तलाव, शाळा, दवाखाने, धर्मशाळा यांची देखभाल बोर्डाने करावयाची होती. म्हणजे ज्या विहिरीवर जाण्याची अस्पृश्याला मनाई, तिच्या दुरुस्तीवर मत देण्याचा अधिकार कागदोपत्री एका अस्पृश्याकडे आला. ज्या शाळेच्या ओसरीवर त्याची मुले बसत, तिच्या खर्चावर बोलण्याचा अधिकार त्याला मिळाला. आणि सर्वात अडचणीची गोष्ट अशी की, बोर्डाची सभा म्हणजे काही माणसांनी एका खोलीत एकत्र बसणे. विटाळ ही ज्यांची समाजरचना होती, त्यांना अस्पृश्याचे मत एक वेळ पचले असते. त्याचे शेजारी बसणे कसे पचावे?

जोतीराव फुले हेही १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्यास १८८० साली त्यांनी एकट्याने विरोध केला होता. नेमणूक सरकारची असली तरी जीभ सरकारची नसते, हा धडा त्यांनी घालून दिला. गोपाळबाबांची वाट मात्र गुरूपेक्षा खडतर होती. जोतीराव शूद्र म्हणून हिणविले गेले, तरी त्यांच्या सावलीचा विटाळ कोणी मानीत नव्हते. गोपाळबाबांना सभागृहात मत मांडण्यापूर्वी आपले तेथे असणेच मांडावे लागत होते.

१९०० साली रावढळ येथे त्यांचे निधन झाले. नेमणुकीपासून मृत्यूपर्यंत अवघी पाच वर्षे. एवढ्या काळात एका नियुक्त सभासदाच्या हातून किती कामे होणार? पण कारकिर्दीचे माप नेहमी कामांच्या यादीने घेता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या रिकाम्या ठेवलेल्या आसनावर प्रथम जो बसतो त्याचे बसणे हेच त्याचे कार्य असते.

विनयातील आसनव्यवस्था

पालि विनयपिटकाचा अभ्यास करताना आमच्या मनात महाडच्या या प्रसंगाची आठवण वारंवार जागी झाली आहे. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात एक कथा येते. छब्बग्गिय भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे धावत जाऊन निवासस्थाने व शय्या अडविल्या. मागून आलेल्या सारिपुत्तांना जागा उरली नाही, म्हणून त्यांनी झाडाच्या मुळाशी बसून रात्र काढली. पहाटे हे तथागतांना समजले. त्यांनी भिक्खूंना विचारले की, उत्तम आसन, उत्तम उदक आणि उत्तम अन्न यांचा अधिकारी कोण? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेला. तथागतांनी ही उत्तरे स्वीकारली नाहीत. वडाच्या आश्रयाने राहणाऱ्या तित्तिर, वानर आणि हत्ती यांची गोष्ट सांगून त्यांनी नियम घालून दिला की, आसनाचा क्रम ज्येष्ठतेने लागेल. कुळाचे नावही त्या नियमात राहिले नाही. येथे आसन व उदक ही दोन्ही एकत्र आली आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. महाडच्या इतिहासातही ती एकत्रच येतात.

शाक्य कुमारांबरोबर उपालि नावाचा नापित प्रव्रज्या घेण्यास आला, तेव्हा कुमारांनी विनंती केली की, याला आमच्या आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हांस त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुलाभिमान गळेल. वेसालीच्या दुसऱ्या संगीतीत तर अजित नावाच्या भिक्खूची 'आसनपञ्ञापक', म्हणजे आसनांची व्यवस्था लावणारा म्हणून संघाने रीतसर नियुक्ती केली. सभेत कोण कोठे बसेल हे बलवानाच्या मर्जीवर सोडावयाचे नाही, त्यासाठी नियम हवा आणि नियम पाळणारा अधिकारी हवा, हे संघाने इतक्या प्राचीन काळी जाणले होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध संघांना संसदीय पद्धती ज्ञात होती असे सांगितले आणि तिच्या अंगांची गणना केली. त्या यादीत ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांच्याही आधी बाबासाहेबांनी आसनव्यवस्थेचा उल्लेख केला आहे. गोणपाट काखेत घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाने पुढे विनयाच्या नियमांत नेमकी आसनव्यवस्था प्रथम टिपावी, हा आम्हांस योगायोग वाटत नाही.

नेमणुकीकडून हक्काकडे

गोपाळबाबांच्या निधनानंतर सैन्यभरतीची मागणी शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ व १९१० च्या अर्जांतून पुढे नेली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ साली मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा कोठे ते दार पुन्हा कायमचे उघडले.

प्रतिनिधित्वाच्या प्रश्नात बाबासाहेबांनी मूलगामी भूमिका घेतली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी प्रतिपादले की, प्रतिनिधित्व म्हणजे केवळ मतांचे प्रतिनिधित्व नव्हे, व्यक्तींचेही होय. अस्पृश्यांचे हित दुसऱ्याने बोलून दाखविणे पुरेसे नाही, अस्पृश्य स्वतः सभागृहात बसला पाहिजे. त्याच वेळी त्यांनी सरकारी नेमणुकीच्या पद्धतीस विरोध केला, कारण नेमलेला मनुष्य नेमणाऱ्याच्या कृपेवर राहतो. १८९५ च्या घटनेतील बळ आणि उणीव ही दोन्ही या भूमिकेत दिसतात. बळ हे की, देहाने उपस्थित असा अस्पृश्य प्रतिनिधी मिळाला. उणीव ही की, त्याच्या मागे मतदार नव्हता.

महाडने पुढे काय पाहिले ते सर्वविदित आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले, परंतु कागदावरच. १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी याच भागातील लष्करी पेन्शनरांच्या पूर्वीच्या वैभवाचे स्मरण केले, भरती बंद झाल्याने झालेली हानी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सहस्रावधी लोक तळ्यावर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले आणि तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाली निघाला. ज्या तालुक्याच्या बोर्डात १८९५ साली एका हवालदाराच्या नेमणुकीने खळबळ उडाली, तेथेच बत्तीस वर्षांनी हा संगर झाला. सभेत आसन मिळाले तरी तळ्याचे पाणी मिळाले नव्हते, आणि पाण्याचा ठराव झाला तरी तो पाळला गेला नव्हता. प्रत्येक वेळी कागद व व्यवहार यांतील अंतर माणसांनी पायांनी चालून कापले.

१९३२ च्या पुणे करारात स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अस्पृश्य म्हणून कोणावर अपात्रता लादली जाणार नाही, असे कलम आले. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांत अनुसूचित जातींस लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा मिळाल्या. नेमणुकीची कृपा संपली, मताचा हक्क आला. तरीही २०२० साली तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात राखीव जागेवर निवडून आलेल्या एका महिला पंचायत अध्यक्षांना सभेत जमिनीवर बसविले गेले आणि इतर सभासद खुर्च्यांवर बसले. गोपाळबाबांच्या नेमणुकीनंतर सव्वाशे वर्षांनी आसनाचा प्रश्न त्याच रूपात समोर आला.

आणि हा प्रश्न केवळ इतरांनाच विचारून आपली सुटका नाही. आपल्या विहारांच्या, मंडळांच्या, संस्थांच्या सभांत पुढच्या रांगेत कोण बसते? आपल्या माता-भगिनी, इतर पोटजातींतून धम्मात आलेले बांधव, खेड्यातून आलेला साधा उपासक यांना आपण कोठे बसवितो? पद, पैसा आणि परिचय यांनी आसने आधीच अडविली जात असतील, तर छब्बग्गियांच्या शिष्यांची वृत्ती आपल्यातही आहे, असे कबूल करावे लागेल.

आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आम्ही बहुधा १९२७ पासून प्रारंभ करतो. बाबासाहेबांचे कार्य एवढे विराट आहे की, त्यामागची माणसे दृष्टीआड होतात. परंतु ज्यांना नेते नव्हते, संघटना नव्हती, मतदार नव्हते आणि कायद्याचे पाठबळही नव्हते, त्यांनी उचललेले पाऊल लहान दिसले तरी ते पहिले असते. रावढळच्या हवालदाराचे नाव महाडच्या इतिहासात १९२७ च्या आधी लिहिले गेले पाहिजे. औरंगपुऱ्यात फुल्यांच्या पुतळ्यास हार घालून जिल्हा परिषदेच्या सभागृहात प्रवेश करणाऱ्या आपल्या प्रत्येक प्रतिनिधीने खुर्चीवर बसण्यापूर्वी त्याचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.